सर्पदंशाचा विषय घेऊन आमदारांना भेटायचंय, कोणी आधी असं काही केलंय का?

धानपट्टा डॉक्टर
१ डिसेंबर २०२४, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानाच्या पट्ट्यात तालुक्याच्या गावी सोळा वर्षांपासून प्रॅक्टिस करतो, एमडी मेडिसिन. गावाचं नाव लिहीत नाही, पुढं जे सांगतोय त्यातली माणसं ओळखू येतील.

या वर्षी रोवणीच्या दिवसांत पहाटे साडेपाचला एक बाई आणली. पस्तिशीच्या आतली. रात्री खाली सतरंजीवर झोपली होती, तीनच्या सुमारास पोटात दुखायला लागलं, उलटी झाली. घरच्यांना वाटलं दिवसभर चिखलात वाकून रोवणं केलं, पोटात अन्न नाही, त्यानं असेल. आरोग्य केंद्रात नेलं तर तिथं रात्री एकटी सिस्टर, तिनं ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. मण्यार चावली की बरेचदा खूण दिसत नाही, सूज नाही, जागेवर दुखत पण नाही, पोट दुखतं, त्यामुळे ज्यानं आधी पाहिलं नाही त्याला कळणं कठीणच. तासाभरात पापण्या मिटायला लागल्या, बोलणं जड झालं, तेव्हा साप म्हणून कोणाच्या तरी डोक्यात आलं. केंद्राच्या फ्रिजमध्ये एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, होतं. सुरू केलं नाही, रेफर लिहून दिलं. गाडीत श्वास थांबला आणि त्या गाडीत हातानं दाबून श्वास द्यायची साधी अंबू बॅग नव्हती. माझ्या दारात उतरवली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं मला विचारलं, सर औषध तिथंच होतं म्हणता तर दिलं काऊन नाही. मला काही बोलता आलं नाही.

त्या सिस्टरवर राग काढून काही होत नाही, तिला कोणी शिकवलंच नव्हतं. पण ही बाई सरकारच्या कोणत्या कागदावर सर्पदंशानं गेली म्हणून लिहिली गेली? कुठंच नाही. केंद्रात ती पोटदुखी आहे, माझ्याकडे ब्रॉट डेड, म्हणजे आणली तेव्हाच मृत, आहे, घरच्यांनी शवविच्छेदन नको म्हटलं म्हणून शेतकरी अपघात अनुदानाचे दोन लाख पण अडकले.

आता केंद्रीय आरोग्य सचिवांचं २७ नोव्हेंबरचं पत्र आलंय, सगळ्या राज्यांनी सर्पदंशाच्या केसेस आणि मृत्यू कळवणं बंधनकारक करावं म्हणून, सरकारी खाजगी दोन्ही दवाखान्यांना. कर्नाटकनं हे फेब्रुवारीतच करून टाकलं. आपल्याकडे निवडणूक आत्ताच झाली, नवीन सभागृह, १६ तारखेपासून नागपूरला अधिवेशन. आम्ही तालुक्यातले सात डॉक्टर मिळून आमच्या आमदारांना भेटायचं म्हणतोय. आतापर्यंत आमदार आम्ही फक्त उद्घाटनाला पाहिले. काय घेऊन जावं, कसं बोलावं, कोणी केलं असेल तर सांगा प्लीज.

वर्धाकाठ
२ डिसेंबर २०२४, सकाळी ७:४५

वाचून सकाळ जड झाली सर. मीही फिजिशियनच, सेवाग्रामला शिकलो. आमच्या कॉलेजच्या संस्थापक डॉ. सुशीला नायर १९६२ ते ६७ देशाच्या आरोग्यमंत्री होत्या आणि तिथं आम्हाला पहिल्या वर्षापासून गावात नेऊन बसवायचे, तरीसुद्धा आमदाराशी कसं बोलायचं हे आम्हाला कधी कोणी शिकवलं नाही, हे तुमच्या पोस्टमुळे पहिल्यांदा जाणवलं.

एक आकडा जरूर घेऊन जा. घरोघर जाऊन मृत्यूची कारणं विचारणारा जो मोठा अभ्यास देशात झाला त्यानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं अंदाजे १२ लाख माणसं गेली, वर्षाला ५८ हजार. दवाखान्यांच्या सरकारी नोंदीत याचा अगदी लहान भाग दिसतो कारण बहुतेक मृत्यू दवाखान्याबाहेर, गावातच झाले. तुमच्या त्या बाईसारखे.

पण आमदाराला देशाचा आकडा सांगून थांबू नका. तुमच्या तालुक्यातल्या रजिस्टरची बेरीज करा, सगळ्या सात दवाखान्यांची, गावनिहाय. आमदार गावाच्या नावानं विचार करतो.

कपाशी
२ डिसेंबर २०२४, दुपारी १:२०

डॉक्टरसाहेब राग नका मानू पण बोलतो, मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी. तुमी डॉक्टर लोक आमदाराकडं जाता कवा, तर दवाखान्यात तोडफोड झाली का जाता नाहीतर होमिओपॅथीवाल्यायले आमची औषधं लिहू देऊ नका म्हणाले जाता. २०१० साली मारहाणीचा कायदा झाला त्याले सारे डॉक्टर एक झाले होते. आमच्यासाठी एक झालेले मी काई पायले नाही.

२०१७ चं सांगतो. त्या साली कपाशी डोक्याइतकी वाढली होती, बोंडअळी, दोन दोन औषधं एकत्र करून फवारे मारून रायले होते लोकं, अंगावर उघडा सदरा. जुलैपासून सरकारी दवाखान्यात विषबाधेचे पेशंट येऊन रायले होते, कोणाले डोळ्यानं दिसेना, कोणाचं अंग थरथरे. माया चुलतभाऊ सप्टेंबरात अकरा दिवस होता. पेपरात बातमी आली ऑक्टोबरात, मंग मंत्री आले, एसआयटी बसली, तवापर्यंत आमच्या एका जिल्ह्यात वीसच्या वर माणसं मेली होती. वार्डात रोज पेशंट वाढून रायले हे सर्वात पयले कोणाले दिसत होतं? डॉक्टरलेच ना. त्यातल्या एकानं जरी ऑगस्टात आमदाराले फोन लावला असता का साहेब माया वार्डात हे असं होऊन रायलं, तर काई जीव वाचले असते असं मले आजबी वाटते.

तुमी जाता हे चांगलंच हाय. जाच.

धानपट्टा डॉक्टर
२ डिसेंबर २०२४, रात्री १०:३०

@कपाशी, दादा राग कसला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि मला त्यावर सफाई द्यायची नाही. मारहाणीच्या कायद्यासाठी मीही तेव्हा नागपूरला मोर्चात होतो, त्याच्या आधी किंवा नंतर पेशंटसाठी म्हणून कधी गेलो नाही. भाऊ आता बरे आहेत ना?

माजी पीए
३ डिसेंबर २०२४, रात्री १२:०५

नऊ वर्षं एका आमदारांकडे काम केलं, पक्ष विचारू नका. डॉक्टरसाहेब, तुमच्यासारखी शिकलेली माणसं निवेदन आणतात तेव्हा काय होतं ते सरळ सांगतो. सात पानं असतात, त्यात अकरा मागण्या असतात, पहिली मागणी डॉक्टरांची, शेवटची पेशंटची, वर सगळ्यांच्या सह्या, पुष्पगुच्छ, फोटो, आणि मग तो कागद माझ्यासारख्याच्या हातात. मी त्यावर 'योग्य कार्यवाहीस्तव' असा शेरा मारून आरोग्य खात्याला पाठवायचो. संपलं. महिन्यात असे किती कागद जातात याची गणती नाही.

तुम्ही एक पान न्या. एकच मागणी. आणि आमदाराला काय करायचं आहे ते तुम्हीच लिहून न्या, त्याला विचार करायला लावू नका कारण अधिवेशनाच्या आठवड्यात त्याच्या खोलीत शंभर माणसं उभी असतात. सर्पदंश ही नोंदणीची बाब करावी ही मागणी शासनाच्या अधिसूचनेची आहे, ती मंत्र्यांसाठी वेगळ्या कागदावर द्या. आमदाराच्या हातात काय आहे ते वेगळं. तारांकित प्रश्न आहे, नियम १०५ ची लक्षवेधी आहे, आणि तालुक्यात पंचायत समितीची आमसभा आहे जिचा अध्यक्ष तोच असतो. डीपीसीत, म्हणजे जिल्हा नियोजन समितीत, तो पालकमंत्र्यांसमोर बोलू शकतो आणि यंत्रसामग्रीचा पैसा खरा तिथं आहे.

प्रश्नाचा मसुदा असा करतात, डोळ्यांसमोर राहावा म्हणून लिहितो: सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, (१) अमुक तालुक्यातील अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये सर्पदंशाच्या रुग्णास प्रतिसर्पविष न देता रेफर करण्यात येते हे खरे आहे काय, (२) असल्यास, जून ते ऑक्टोबर या काळात असे किती रुग्ण रेफर झाले व किती दगावले, (३) असल्यास, तेथील वैद्यकीय अधिकारी व परिचारिकांना प्रशिक्षण देण्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

यातला दुसरा भाग सोन्याचा आहे. प्रश्न स्वीकारला गेला की खात्याला जिल्ह्यातून माहिती मागवावीच लागते, तालुक्यापर्यंत फोन येतात, आणि जी गोष्ट कोणी मोजत नव्हतं ती एकदा तरी मोजावी लागते. सभागृहात चर्चेला येवो न येवो. मात्र प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, डिसेंबरचं हातून गेलं समजा, मार्चच्या बजेट अधिवेशनाची तयारी आत्ता करा. नागपूरला जा पण ओळख करून घ्यायला जा. आणि काहीही दिलं की आवक नंबर घ्या, नंबराशिवाय परत यायचं नाही.

निवृत्त एमओ
३ डिसेंबर २०२४, सकाळी ६:५०

गोंदिया गडचिरोलीत मिळून एकोणतीस वर्षं मेडिकल ऑफिसर होतो. वर सिस्टरचं वाचलं, त्या केंद्रातल्या डॉक्टरबद्दल मला दोन शब्द लिहायचेत.

एएसव्ही फ्रिजमध्ये असून द्यायला हात का धजत नाही? कारण सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल, म्हणजे औषधाच्या कुप्या, लावाव्या लागतात, घोड्याच्या रक्तातलं औषध आहे, पाच मिनिटांत पेशंटचं बीपी पडू शकतं, अंगावर पित्त उठतं, श्वास अडकतो. ॲड्रेनालिन भरून हातात ठेवलं तर बहुतेक वेळा सावरतं पण हे एकदा तरी कोणाच्या तरी शेजारी उभं राहून पाहिलेलं असावं लागतं. बंधपत्राच्या एका वर्षासाठी आलेला पोरगा, बाहेर पन्नास माणसं, जवळ कोणी सिनिअर नाही, पेशंट माझ्या हातात गेला तर मार माझ्यावर आणि रेफर करून रस्त्यात गेला तर कोणावर नाही. २०१० च्या कायद्यात तीन वर्षं शिक्षा आहे हे त्याला माहीत असतं, पण रात्री दोन वाजता कायदा त्याच्या बाजूला उभा राहत नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी दोन पेशंट असे रेफर केलेत, त्यातला एक पोहोचला नाही. परड, म्हणजे घोणस, चावलेला होता, तेव्हा काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवून गोठतं का पाहायचं असतं हे सुद्धा मी नंतर शिकलो.

दुसरं म्हणजे आम्ही सरकारी डॉक्टर आमदाराकडे जाऊ शकत नाही. वर्तणूक नियम आहेत १९७९ चे. बदलीसाठी जाणारे जातात तो भाग सोडा, पण केंद्रात काय कमी आहे हे बाहेर बोललं की नोटीस. म्हणून तुम्ही खाजगीवाल्यांनी बोललं पाहिजे, आम्हाला न दुखावता बोलाल तर आतली माहिती आम्हीच देऊ.

आणि दार चुकू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथं जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय राज्याचं, तिथं जिल्हा शल्य चिकित्सक. आणि चंद्रपूरचं मोठं हॉस्पिटल आता मेडिकल कॉलेजला जोडलेलं, म्हणजे ते वैद्यकीय शिक्षण खात्यात, मंत्रीच वेगळा. एकच पेशंट या तिन्ही दारांतून जातो आणि तिघंही म्हणतात आमच्याकडे आला तेव्हा उशीर झाला होता. प्रश्न एकाच खात्याला विचारला तर उत्तर तेवढंच येतं. त्यात २०२२ पासून झेडपीवर प्रशासक, निवडून आलेला सदस्यच नाही आरोग्य समितीत विचारायला, त्यामुळे आज तरी आमदारच एक आहे.

झाडीची आशा
३ डिसेंबर २०२४, संध्याकाळी ७:१५

मी आशा आहो जी, बारा वर्षांपासून. सर तुमी लिहिलेल्या बाईसारखी बाई आमच्या गावातबी गेली, दोन साल झाले. मी तिच्या घरी पयले पोचलो होतो. मले कळलं नव्हतं.

आमाले बाळाचं वजन घेणं शिकवलं, ताप मोजणं शिकवलं, मलेरियाची पट्टी शिकवली. साप चावला तर काय पाहाचं हे कोणी शिकवलं नाही. पापणी खाली येते, मान उचलत नाही, हे दोनच शब्द जरी मले तवा सांगितले असते तर मी गाडीवाल्याले पोटदुखी नाई म्हटलं असतं.

आनखी एक गोष्ट आमदाराले सांगजा. आमच्याकडं साप चावला का आधी गावातल्या जाणत्याकडं नेतात. त्याले शिव्या देऊन भागत नाई, लोकं त्याच्याच घरी जातात कारन तो रातच्याले दार उघडते. आमच्या गावच्या जाणत्या बाबाले मी बोललो का बाबा तुमी मंत्र म्हना पण गाडीत बसून म्हना, दवाखान्याच्या वाटेनं. आता तो पेशंटसोबत गाडीत बसून येते. मागच्या पावसाळ्यात दोघं असे वाचले.

वर्धाकाठ
३ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

ताई तुमची ही पोस्ट छापून त्या एका पानाला जोडली पाहिजे, नाव न टाकता.

आणि सर्वांनाच सांगतो, वेळ लागेल याची तयारी ठेवा. सर्च संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बाईला शिकवून घरी नवजात बाळाची काळजी घेतली, बालमृत्यू मोजले, शेजारच्या ४७ गावांशी ताडून पाहिले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि ते १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं. एवढा पक्का पुरावा, जगभर नाव, तरी देशभरच्या आशांच्या कामात ते सरकारनं घेतलं २०११ मध्ये. बारा वर्षं. तुम्ही आज ताईंना बाळाचं वजन घेणं शिकवलं म्हणून वाचता ते त्यातूनच आलेलं आहे. त्या बारा वर्षांत ते दिल्ली मुंबईच्या किती खोल्यांमध्ये बसले असतील याचा मी विचार करतो तेव्हा एका अधिवेशनात काम होईल असं म्हणायची माझी हिंमत होत नाही.

कपाशी
४ डिसेंबर २०२४, सकाळी ११:००

भाऊ बरा हाय आता, एका डोळ्यानं अंधुक दिसते. विचारलं तं बरं वाटलं.

धानपट्टा डॉक्टर
२१ डिसेंबर २०२४, रात्री १०:५५

नागपूरहून आत्ता आलो. उशीर झाला लिहायला पण तुम्ही सगळे विचारून राहिले होते म्हणून झोपायच्या आधी लिहितो.

आम्ही सातपैकी चौघं गेलो, तिघांची ओपीडी सुटली नाही. आमदार निवासात दोन तास थांबलो, भेट मिळाली अकरा मिनिटं. एक पान दिलं, सोबत आमच्या सात दवाखान्यांची गावनिहाय यादी आणि तालुक्याचा नकाशा ज्यावर प्रत्येक सर्पदंशाला एक टिंब. त्यांनी पान वरवर वाचलं, मग नकाशा ओढून घेतला आणि बोट ठेवून विचारलं इथं एवढे कसे. ते गाव त्यांच्या मामांचं निघालं. त्यानंतर बोलणं खऱ्या अर्थानं सुरू झालं. वर्धाकाठ सर, गावाच्या नावाचं तुम्ही बरोबर सांगितलं होतं.

मंत्र्यांसाठीचा कागद मात्र हातातच राहिला, कारण १५ तारखेला शपथा झाल्या तरी आज अधिवेशन संपेपर्यंत खातीच वाटलेली नव्हती. आरोग्याचा मंत्री कोण हे कोणालाच माहीत नाही तर द्यायचं कोणाला. आज रात्री उशिरा खातेवाटप झाल्याचं कळतंय. तो कागद आता टपालानं पाठवतो, आवक नंबर घेऊन.

एक गोष्ट चुकली माझी. आमदार म्हणाले, म्हणजे त्या केंद्राच्या डॉक्टरला सस्पेंड करायला लावू का. माझ्या तोंडून पटकन हो सर निघता निघता राहिलं, निवृत्त एमओ सरांची पोस्ट आठवली. म्हटलं सर सस्पेंड केलं तर उद्यापासून प्रत्येक जण आणखी लवकर रेफर करेल, त्यांना शिकवा. ते थोडे नाराज दिसले. सस्पेंड करणं त्यांना सोपं होतं आणि पेपरातही आलं असतं.

माजी पीए
२२ डिसेंबर २०२४, सकाळी ८:३०

अकरा मिनिटं खूप झाली हो, मी दोन मिनिटांत लोक बाहेर काढलेत. सस्पेंड नको म्हणालात हे फार चांगलं केलंत. आता त्यांना सोडू नका, दर पंधरा दिवसांनी पीएला फोन, गोड बोलून. पीएला आधी चहा पाजा, आमदाराला नंतर.

निवृत्त एमओ
२२ डिसेंबर २०२४, सकाळी ९:०५

धन्यवाद डॉक्टर. तेवढंच म्हणायचं होतं.

धानपट्टा डॉक्टर
२३ फेब्रुवारी २०२५, रात्री ११:३०

बरेच दिवसांनी. काय झालं, काय नाही ते लिहितो.

पालकमंत्र्यांची यादी १८ जानेवारीला आली त्यामुळे नियोजन समितीचं सगळंच पुढं सरकलं होतं. आमदारांनी आमचं पान जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे स्वतःच्या पत्रासोबत पाठवलं. उत्तर आलं, सर्व केंद्रांमध्ये प्रतिसर्पविषाचा पुरेसा साठा उपलब्ध आहे. खरंच आहे, साठा आहे. आमचं म्हणणं साठ्याचं नव्हतंच. आम्ही लिहिलं होतं दिलं किती गेलं ते सांगा. मग आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला, केंद्रनिहाय किती व्हायल आल्या, किती वापरल्या, किती मुदत संपून गेल्या. तीन केंद्रांचं उत्तर आलं आणि ते वाचून मी अर्धा तास तसाच बसून होतो. एका केंद्रात आख्ख्या पावसाळ्यात एकही वापरलेली नाही, आणि त्याच केंद्राच्या हद्दीतले पेशंट माझ्या रजिस्टरमध्ये नावानिशी आहेत.

तो कागद घेऊन आमसभेला गेलो. पंचायत समितीचा हॉल, सगळी खाती मांडून बसलेली, रस्ते, घरकुल, पाणी, आरोग्याचा नंबर पावणेतीनला लागला तेव्हा अर्धी माणसं जेवायला गेलेली. आमदारांनी मला उभं केलं. मी कागद वाचला, कोणाचं नाव न घेता, केंद्राचं पण नाही, फक्त आले किती आणि वापरले किती. मागच्या रांगेतून एक म्हातारे गृहस्थ उठले, म्हणाले माझा नातू त्यातलाच. पुढं कोणाला काही बोलायची गरज पडली नाही.

ठरलं ते असं की पावसाळ्याच्या आधी तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांच्या डॉक्टर, सिस्टर आणि १०८, १०२ च्या गाडीवरच्या लोकांना आम्ही सात जण मिळून फुकट शिकवायचं, आरोग्य अधिकारी लेखी परवानगी देतील. अंबू बॅग प्रत्येक केंद्राला आणि प्रत्येक गाडीला, प्रस्ताव नियोजन समितीकडे. बजेट अधिवेशन ३ मार्चपासून आहे, प्रश्नाचा मसुदा माजी पीए साहेबांच्या पद्धतीनं करून दिलाय, तिन्ही दारांसाठी वेगळा. लागेल का माहीत नाही.

वर्धाकाठ
२४ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७:२०

वापरलेल्या व्हायलचा आकडा मागायचं कसं सुचलं तुम्हाला! मी आजच आमच्या जिल्ह्यासाठी अर्ज लिहितो. साठा किती हे विचारण्यात आपण इतकी वर्षं घालवली.

एक सूचना, शिकवताना मण्यार आणि नाग यांचा फरक नक्की सांगा. नागाच्या विषात निओस्टिग्मिनच्या इंजेक्शननं बरेचदा पापण्या उघडायला लागतात, मण्यारच्या विषात फारसा भरवसा नाही, तिथं श्वास देत राहणं हाच आधार. नाहीतर सिस्टर इंजेक्शन देऊन वाट पाहत बसेल.

कपाशी
२४ फेब्रुवारी २०२५, दुपारी २:१०

डॉक्टरसाहेब हे असंच फवारणीचं करता येईन का? आमच्या दवाखान्यात विषबाधेचे किती आले हे दर हप्त्याले आमदाराच्या मोबाईलवर गेलं पायजे, ऑक्टोबरची वाट पाहाची गरज नाही. मी आमच्या इकडच्या एका डॉक्टरले हा धागा वाचून दाखवला, तो म्हणे जुलैत बोलू. म्या म्हटलं जुलैत नाही, जूनमध्येच.

धानपट्टा डॉक्टर
२५ फेब्रुवारी २०२५, रात्री १०:१५

@कपाशी, दादा नक्की करता येईल. त्या डॉक्टरांना माझ्याशी बोलायला सांगा, रजिस्टरचा तक्ता पाठवतो, सर्पदंश खोडून विषबाधा लिहायचं, बाकी तेच. औषधाचं नाव आणि किती दिवस फवारलं हे दोन रकाने वाढवा.

झाडीची आशा
८ जून २०२५, दुपारी ४:००

सर पाऊस दोनदा येऊन गेला, आमच्याकडं पऱ्हे टाकणं सुरू झालं. काल एका घरी खाटेखाली मण्यार निंगाली, कोणाले चावली नाई. शिकवणी आमच्या उपकेंद्राची राहिली आहे जी, बाकीच्याची झाली म्हनतात. आमी नऊ आशा आहो. आनखी जाणत्या बाबाले आणू का?

धानपट्टा डॉक्टर
८ जून २०२५, रात्री ९:५०

ताई माफ करा, तुमचं उपकेंद्र परवानगीच्या यादीत सुटलं होतं. दोनदा फोन केले, पत्र काल हातात आलं. प्रश्न मार्चमध्ये लागला नाही, पावसाळी अधिवेशन ३० जूनपासून आहे म्हणून परत दिलाय, आवक नंबर घेतलाय. अंबू बॅग नियोजन समितीच्या अजून यायच्या आहेत, तोवर आम्ही सातांनी वर्गणी करून घेतल्यात, केंद्रांना पुरल्या, गाड्यांना चार कमी पडतात.

तुमच्याकडे येत्या रविवारी सकाळी ११ वाजता येतो, निवृत्त एमओ सर पण गोंदियाहून यायचं म्हणतात. बाहुली आणि बॅग आणतो, प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं श्वास देऊन पाहायचा. बाबांना नक्की आणा, त्यांना पुढं बसवा. आणि तो गाडीवाला जो रात्री येतो ना, त्यालाही निरोप द्या.